तंत्रशिक्षणाचा भार कोणावर?

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. शासनाने टाळलेला खर्च पालकांच्या शेतजमिनीवर व दागिन्यांवर येऊन पडला. १९८७ साली कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला, यातच त्या धोरणाचा कबुलीजबाब आहे.

इलेक्ट्रॉनिक्स व संगणक यांचे शिक्षण केवळ फळ्यावर होत नाही. सर्किट जुळवावे, डाख द्यावा, बिघाड शोधावा, तेव्हाच हात तयार होतो. जेथे प्रयोगशाळेवरील काटकसर हाच संस्थाचालकांचा नफा, तेथे विद्यार्थ्याच्या हाती पदवीचा कागद तेवढा उरतो.

म्हणूनच शासकीय तंत्रनिकेतनांत सुसज्ज प्रयोगशाळा, कायम शिक्षक आणि कामगार-शेतकऱ्यांच्या मुलांना परवडणारी फी, ही मागणी कार्यकर्त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत लावून धरली पाहिजे. तंत्रविद्या ही मूठभरांची मिरासदारी होऊ देता कामा नये.