देशी नव्हे, गावठी

यंदा हळदीकुंकवाला मी बियांचं वाण लुटलं. स्वॅम्प मिल्कवीडच्या वीस-वीस बिया, कागदाची घडी घालून केलेल्या पुड्या, सोबत तिळाची वडी. टोरांटोच्या पश्चिमेला आमच्या या भागात त्या दिवशी बाहेर उणे चौदा होतं. दारात बुटांचा ढीग, पलंगावर कोटांचा. नागपूरहून नुकतीच इथं आलेली एक मुलगी पुडी उलटसुलट करून म्हणाली, "ताई, हे पेरायचं कधी? मे महिन्यात?"

"आजच."

"आज? बर्फात?"

"बर्फातच."

तिला वाटलं मी गंमत करतेय. पण इथल्या बहुतेक रानफुलांचं बी थंडी खाल्ल्याशिवाय उगवतच नाही. ऑक्टोबरात बी मातीवर पडतं आणि त्यानंतर बऱ्याचदा आठ-दहा दिवस छान ऊब येते. त्या उबेला भुलून जे रुजेल, ते डिसेंबरात मेलंच म्हणून समजा. म्हणून या बियांच्या आत एक अडसर असतो. ओल आणि थंडी दोन्ही एकत्र, ठरावीक दिवस मिळाल्या की तो हळूहळू सुटतो. मिल्कवीडला साधारण तीस दिवस पुरतात, न्यू इंग्लंड ॲस्टरला साठ. नुसती कोरडी थंडी चालत नाही. पुडी तशीच फ्रीजमध्ये ठेवली तर बी टिकतं, पण जागं होत नाही. आपल्याकडे शेतकरी मृगाची वाट बघतो, तशी इथली बी हिवाळ्याची वाट बघते.

पेरणीची रीत सोपी आहे. पारदर्शक झाकणाचा डबा घ्यायचा, तळाला आणि झाकणाला भोकं पाडायची, चार बोटं माती भरायची, बी पेरून पाणी द्यायचं आणि डबा अंगणात ठेवून द्यायचा. बर्फ पडो, वितळो, पुन्हा गोठो, आपण हात लावायचा नाही. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या ट्रुडी डेव्हिडॉफ यांनी ही पद्धत घराघरांत पोचवली. अमेरिकेत त्यासाठी दुधाचे मोठे प्लास्टिकचे कॅन वापरतात. आमच्या ऑन्टारिओत दूध पुण्या-मुंबईसारखं पिशवीतून येतं, म्हणून आम्ही केकचे आणि सॅलडचे डबे वर्षभर साठवतो. एप्रिलच्या शेवटी झाकणाला आतून दव धरतं आणि एके सकाळी हिरवी टोकं दिसतात. त्यांना घरातल्या रोपांसारखं उन्हाची सवय लावत बसावं लागत नाही. ती बाहेरच जन्मलेली असतात.

जानेवारीचा शेवटचा शनिवार अमेरिकेत बी-देवघेवीचा दिवस म्हणून पाळतात. कॅनडात ‘सीडी सॅटर्डे’ ही प्रथा 1990 साली व्हँकुव्हरला सुरू झाली आणि आता फेब्रुवारी-मार्चात गावोगावी भरते. आमचं बी-देवघेवीचं मंडळ त्या मानानं छोटं. या शनिवारी पंचवीसएक माणसं दोन लांब टेबलांभोवती जमतील, बहुतेक सगळी केस पिकलेली. पैशांचा व्यवहार नाही. आणलंय ते मांडा, हवंय ते घ्या.

रोपं का नाहीत, बियाच का, असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. पूर्वी रोपंही असत. ती गांडुळांमुळे बंद झाली. ‘गांडूळ शेतकऱ्याचा मित्र’ हे शाळेत घोकलेल्या मला हे पचायला फार जड गेलं. पण हिमयुगात हा सगळा प्रदेश बर्फाच्या जाड थराखाली होता. आज इथं जी गांडुळं सापडतात ती जवळपास सगळी बाहेरून आलेली आहेत. इथली जंगलं गांडुळांवाचून वाढली, वर्षानुवर्षं साचलेल्या पानांच्या मऊ थरावर. आता आशियातून आलेलं, हातात धरलं की सापासारखं उसळणारं एक गांडूळ तो थर एका मोसमात फस्त करतं आणि मागे कॉफीच्या चोथ्यासारखी भुसभुशीत माती ठेवतं. त्याचे कोष कुंडीतल्या मातीत दिसत नाहीत. कोरड्या, साफ केलेल्या बीबरोबर मात्र ते येऊ शकत नाहीत.

बी साफ करणं हे माझं आवडतं काम. मिल्कवीडची शेंग फुटायच्या बेतात असताना तोडावी लागते. शिवणीवर अंगठ्यानं हलकं दाबलं आणि ती उघडली, आतलं बी तपकिरी दिसलं, की तयार. पांढरं असेल तर घाई झाली. आत दोनशेच्या आसपास बिया माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि प्रत्येकीला रेशमाचा झुबका. शेंडीसारखी ती सगळी म्हातारी टोकाला चिमटीत घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बी खाली ओढायचं. सगळं बी वाटीत पडतं, म्हातारी चिमटीत राहते. चिमूट सुटली तर घरभर म्हातारी. दुसऱ्या महायुद्धात जावाहून येणारा सावरीचा कापूस बंद झाला, तेव्हा अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी पोती भरभरून या शेंगा गोळा केल्या होत्या. त्यांचं रेशीम बुडणाऱ्या खलाशांच्या जाकिटांत भरलं गेलं.

म्हातारी हा शब्द मला इथं शोधावा लागला नाही. मिल्कवीड आपल्या रुईच्याच कुळातलं. तोच पांढरा चीक, तसंच उडणारं बी. आपल्याकडे रुईवर अंडी घालणारं केशरी फुलपाखरू, बिबळ्या कडवा, हे इथल्या मोनार्कचं सख्खं भावंड. मोनार्कच्या अळ्या मिल्कवीडशिवाय दुसरं काही खात नाहीत. सप्टेंबरात याच परसातून निघालेली फुलपाखरं चार हजार किलोमीटरवर मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांत हिवाळा काढतात. आणि याच झाडाची गणना ऑन्टारिओच्या कायद्यात 2014 पर्यंत उपद्रवी तणात होत होती.

आता माझा मुद्दा. देवघेव वाढतेय याचा मला आनंद आहे. पण टेबलावर अशा पुड्याही वाढतायत ज्यांच्यावर नुसतं ‘नेटिव्ह’ लिहिलेलं असतं. मराठीत आपण त्याला ‘देशी’ म्हणतो. कॅनडासारख्या देशात या शब्दाला काय अर्थ आहे? हा देश एका महासागरापासून दुसऱ्यापर्यंत पसरलाय.

ल्युपिन घ्या. दक्षिण ऑन्टारिओच्या वाळूमातीत एक जंगली ल्युपिन होतं, निळं, गुडघाभर उंचीचं. करनर ब्लू नावाचं नखाएवढं फुलपाखरू फक्त त्याच्यावर वाढायचं. त्याचं शास्त्रीय वर्णन कादंबरीकार नाबोकोव यांनी केलेलं आहे. ऑन्टारिओत ते 1991 नंतर दिसलेलं नाही. वाळूवरचे माळ गेले, बहुतेक ल्युपिन गेलं, पाठोपाठ ते फुलपाखरूही गेलं. टोरांटोच्या हाय पार्कमध्ये काळ्या ओकांखाली ते ल्युपिन अजून तग धरून आहे. माळ मोकळा राहावा म्हणून पालिका तिथं अधूनमधून मुद्दाम आग लावते. दुसरं ल्युपिन दुकानातलं, उंच, भरदार, गुलाबी-जांभळं. त्याचं मूळ पश्चिम किनाऱ्याकडचं. प्रिन्स एडवर्ड बेटावर रस्त्यांच्या कडेनं जे फुलतं आणि ज्याचे फोटो आपले लोक हौसेनं काढतात, तेही बाहेरूनच आलेलं. पश्चिमेला ब्रिटिश कोलंबियात ते अस्सल घरचं आहे, म्हणजे कॅनडाचं देशीच म्हणा. पण ते इथल्या जंगली ल्युपिनच्या शेजारी लावलं तर दोघांचा संकर होतो, आणि उरलंसुरलं खरं बीही भेसळीचं होत जातं. पुडीवर ‘ल्युपिन, देशी’ एवढंच असेल तर मी कुठलं पेरतेय?

आपल्याकडे यासाठी जास्त नेमका शब्द आहे. गावठी. गावठी लसूण, गावठी वाल, गावठी काकडी. शहरात आम्ही तो हलकेपणानं वापरला, पण त्यात देश नाही, गाव आहे. या मातीत, या पावसात पिढ्यानपिढ्या निभावलेलं वाण. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 सालची पद्मश्री मिळाली ती अशाच गावठी वाणांच्या बियाणे बँकेसाठी. माझी कोकणातली आजी बियाला ठेवलेल्या काकडीचं बी शेणात कालवून भिंतीला थापायची. ते बी कुणाच्या परसातलं हे तिला विचारावं लागत नसे.

रानफुलांनाही हाच हिशेब लागू आहे. एकाच जातीचं बी फार दक्षिणेकडून आणलं तर रोप तिथल्याच पंचांगानं चालतं. पानझड उशिरा, फुलणं उशिरा, आणि बी धरायच्या आत कडाक्याची थंडी. म्हणून आमच्या टेबलावर मी यंदा आग्रह धरणार आहे. पुडीवर शास्त्रीय नाव हवं, मूळ झाड कुठल्या गावच्या कुठल्या जागी वाढलं ते हवं, बी धरल्याचं वर्ष हवं आणि थंडीचे दिवस. नावाची खात्री नसेल तर पुडी घरी ठेवावी. लोक कंटाळतात, म्हणतात, एवढं कशाला, हौसेचा तर मामला. हौसेचा आहे म्हणूनच. इथं चुकीचं बी परत घेणारं कुणी नसतं.

हे मी नुकसान सोसून शिकले. घर घेतलं त्या वर्षी एका दुकानातून ‘रानफुलांचं मिश्रण’ आणलं होतं, पाकिटावर मोनार्कचं चित्र. दुसऱ्या वर्षी जांभळी सुगंधी फुलं आली, मी हरखले. मग एका जाणत्या बाईनं फूल तोडून माझ्या तळहातावर ठेवलं आणि पाकळ्या मोजायला सांगितल्या. चार. इथल्या फ्लॉक्सला पाच असतात. हे डेम्स रॉकेट, युरोपातून आलेलं, ओढ्याकाठची रानं गिळणारं. सहा वर्षं मी ते उपटतेय आणि कुंपणापलीकडच्या ओहोळात ते अजून दिसतं.

सामानातून बी आणणाऱ्यांनाही एक विनंती. मेथी-कोथिंबिरीचा मोह मला कळतो, पण विमानतळावर जाहीर केल्याशिवाय एकही पुडी आणू नका. आणि सरहद्दीपलीकडे अमेरिकेतल्या मैत्रिणीला पाकिटातून बी पाठवू नका. तिच्या गावात तिच्या गावचं बी आहे.

काही बी तर पुडीत घालताच येत नाही. ट्रिलियम हे ऑन्टारिओचं राज्यफूल, तीन पानांवर तीन पाकळ्यांचं. त्याच्या बीला एक तेलकट गोंडा असतो, त्याच्या लोभानं मुंग्या ते बी बिळात ओढून नेतात. ते वाळलं की संपलं. म्हणून जानेवारीच्या टेबलावर ते कधीच नसतं. पाकळ्या मोजायला लावणाऱ्या त्या बाईंनी 2019 च्या जुलैत ओल्या शेवाळात गुंडाळलेलं बी माझ्या दारात आणून दिलं आणि तासाभरात पेरायला लावलं. पहिल्या हिवाळ्यानंतर नुसतं मूळ सुटतं, वर काहीच दिसत नाही. दुसऱ्या हिवाळ्यानंतर एक पान. मग कित्येक वर्षं एकच पान. दर मे महिन्यात त्यांचा फोन येतो, विचारपूस नंतर, आधी एकच प्रश्न, एक का तीन?

गेल्या मेमध्ये मी त्यांना सांगितलं, दोन रोपांना तीन पानं आली आहेत. त्यांनी तारीख विचारली आणि वहीत लिहून घेतली.