सावलीखालची जमीन ओसाड का?

महाराष्ट्रात वृक्षलागवडीचा हिशेब फक्त रोपांच्या आकड्यांत होतो. 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी अशी सरकारी उद्दिष्टे चढत गेली. त्यातली किती रोपे जगली यावर वादही झाले. पण जगलेल्या झाडांची सावली पडू लागल्यावर तिच्याखाली काय असावे, हे कोणी विचारत नाही. शहरांलगतच्या टेकड्या, महाविद्यालयांची आवारे, जुन्या सोसायट्यांच्या बागा अशा ठिकाणी झाडे डेरेदार आणि खालची माती उघडी, तुडवलेली दिसते. तिथे हिरवळ तग धरत नाही, नवी रोपे उन्हाअभावी खुरटतात आणि शेवटी कोणीतरी पेव्हर ब्लॉक बसवून मोकळे होते. अशा जागी आणखी झाडे कोंबण्यापेक्षा स्थानिक कंद आणि फाटे (फांद्यांच्या काड्या) लावणे अधिक शहाणपणाचे आहे.

याचे कारण आपल्या पानगळीच्या जंगलातच आहे. युरोपातले डॅफोडिल किंवा ब्लूबेल झाडांची पालवी दाटण्याआधी, वसंतात फुलून घेतात. आपल्याकडे झाडे निष्पर्ण होतात तेव्हा जमीन कोरडीठाक असते आणि ओल येते तोवर डोक्यावरचे छत दाटू लागलेले असते. म्हणून आपल्या कंदांनी वेगळ्या वाटा काढल्या. शेवळा पहिल्या सरींबरोबर, पान येण्याआधीच फुलोरा काढतो. ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात आदिवासी बायका जुड्या विकतात त्या याच कोंबांच्या, आणि त्यांची खाज मारायला भाजीत काकडे, म्हणजे काकड झाडाची फळे, घालतात. रानहळद मात्र रुंद पाने पसरून कमी उजेडावर भागवते, भर पावसाळ्यात फुलते आणि पाऊस सरला की पाने वाळवून जमिनीत निजते. अन्न कंदातच साठवलेले असल्याने तिला उन्हाळ्यात टँकर लागत नाही. उलट तेव्हा पाणी घातले तर कंद कुजण्याचीच भीती. रोप जगवण्यासाठी दोन-तीन उन्हाळे पाणी घालावे लागते, हे ध्यानात घेतले तर खर्चातला फरक वेगळा सांगायला नको.

पावसाळ्यानंतर जमीन पुन्हा उघडी पडेल, हा आक्षेप रास्त आहे. फाट्यांची गरज तिथेच लागते. अडुळशाच्या जून फांदीची वीतभर काडी, दोन डोळे मातीत आणि दोन वर ठेवून जूनमध्ये खोचली की सहसा मूळ धरते. अडुळसा बारमाही हिरवा राहतो, गुरे त्याला तोंड लावत नाहीत आणि थंडीत त्याच्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात. पेव कंदापासून येतो तसा दांड्याच्या तुकड्यांपासूनही येतो. झाडांच्या मुळांना कुदळ लावावी लागत नाही, खुरप्याने केलेला खड्डा पुरतो. गळलेला पाला मात्र झाडून जाळू नये. तोच या झाडोऱ्याचे खत आणि पांघरूण.

झाडोऱ्याने साप आणि डास वाढतील, अशी भीती सोसायट्यांच्या सभेत हमखास निघते. डासांची पैदास साचलेल्या पाण्यात होते, पानांवर नव्हे. साप टाळायला पायवाटेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मोकळा ठेवावा आणि अन्नाचा कचरा उघडा टाकू नये, म्हणजे उंदीर आणि त्यांच्या मागावरचे साप येत नाहीत. फाट्यांपासून वाढलेली झाडे एकाच मातृवृक्षाच्या नकला असतात, ही हरकत अधिक वजनदार आहे. त्यावर उपाय म्हणजे काड्या अनेक झाडांवरून घेणे. सर्वांत गंभीर धोका जंगल ओरबाडले जाण्याचा आहे. राखीव वनातून विनापरवाना कंद उपटणे 1927 च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि देवराईतून तर काटकीही न नेण्याची प्रथा गावोगावी पाळली जाते. मागणी वाढली आणि पुरवठा जंगलातून झाला, तर बागा भरतील आणि राने रिकामी होतील.

म्हणूनच सुरुवात रोपवाटिकांतून व्हायला हवी. महापालिकांच्या उद्यान विभागांनी आणि वन विभागाच्या सामाजिक वनीकरण शाखेने रानहळद, शेवळा, पेव, अडुळसा यांची पैदास हाती घ्यावी आणि लागवडीच्या अहवालात झाडांच्या संख्येबरोबर झाकलेल्या जमिनीचे क्षेत्रही नोंदवावे. सोसायट्यांनी पेव्हर ब्लॉकचे दरपत्रक मागवण्याआधी एक पावसाळा हा प्रयोग करून पाहावा.