फायबरचं अंग, खारं वारं
बंगळुरूच्या सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी आता जुन्यांत जमा झाली, पण वसईच्या खाऱ्या हवेत राहायला तिच्याइतकी लायक स्पोर्ट्स कार मला दुसरी दिसत नाही. अंग फायबर ग्लासचं, त्याला गंज कसला चढणार? तडा गेलाच तर पाचूबंदर, अर्नाळ्याला फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे हात आहेत: तडा खोलवर घासायचा, काचतंतूंची मॅट अंथरायची, तिला रेझिन पाजायचं, बुडबुडे दाबून दाबून काढायचे. खरी भीती खालच्या लोखंडाची. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी आणलीत की चासी गोड्या पाण्यानं धुऊन काढाच. नाहीतर वरून झळझळीत दिसणारी गाडी खालून पोखरली जाते. इंजिन रेनोचं, 1149 सीसी, जेमतेम 60 अश्वशक्तीचं, पण गाडी हलकी म्हणून पुरतं. त्याचा टायमिंग बेल्ट नुसते किलोमीटर मोजून नको, वर्षं मोजून बदला. उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं. आणि 15 वर्षांनंतरच्या फेरनोंदणीसाठी वसईच्या एमएच-48 आरटीओ कार्यालयात जाण्याआधी ब्रेकचे होज हात लावून तपासा.