प्रशिक्षकपदाची जाहिरात आणि पात्रतेचा प्रश्न

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला मिळाले. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, भारताने २०३६ च्या ऑलिम्पिकच्या आयोजनाची इच्छा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीला लेखी कळविली होती. या पार्श्वभूमीवर देशातील क्रीडा केंद्रे, महासंघ आणि खासगी अकादमी यांना स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग प्रशिक्षकांची, म्हणजेच खेळाडूचे बळ, वेग आणि दमसास शास्त्रीय पद्धतीने घडविणाऱ्या तज्ज्ञांची, वाढती गरज भासणार हे उघड आहे. मात्र या पदासाठी नेमकी कोणती पात्रता मागावी, हा प्रश्न अद्याप पुरेशा गांभीर्याने चर्चिला गेलेला नाही.

डॉक्टरांना नोंदणीविना व्यवसाय करता येत नाही. फिजिओथेरपीसारख्या आरोग्यसेवांसाठीही २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग प्रशिक्षकासाठी मात्र भारतात अशी कायदेशीर नोंदणी नाही. साहजिकच नोकरीची जाहिरात हाच या व्यवसायाचा प्रत्यक्षातील कायदा ठरतो. जाहिरातीत जे लिहिले जाते तेवढीच पात्रता तपासली जाते आणि जे लिहिले जात नाही ते कोणी विचारत नाही.

परदेशात या व्यवसायाच्या संघटनांनी आपापले मापदंड विकसित केले आहेत. अमेरिकेत १९७८ मध्ये स्थापन झालेली ‘नॅशनल स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग असोसिएशन’ १९८५ पासून ‘सीएससीएस’ हे प्रमाणपत्र देते. त्यासाठी पदवी, प्राथमिक जीवरक्षणाचे प्रमाणपत्र आणि दोन भागांची परीक्षा आवश्यक असते. ठरावीक मुदतीनंतर नूतनीकरणही करावे लागते. ब्रिटनमधील २००४ च्या ‘यूकेएससीए’ या संघटनेचा भर लेखी परीक्षेइतकाच प्रात्यक्षिकावर आहे. उमेदवाराला वजन उचलणे, उड्या आणि धावणे यांचे तंत्र स्वतः करून दाखवावे लागते, तसेच एखाद्या खेळाडूसाठी आखलेल्या कार्यक्रमाचे समर्थनही करावे लागते. ऑस्ट्रेलियातील संघटनेने प्रशिक्षकांचे टप्पे पाडले आहेत. ही तीन प्रमाणपत्रे एकमेकांची तंतोतंत जागा घेऊ शकत नाहीत, कारण प्रत्येकाची कसोटी निराळी आहे.

भारतीय क्रीडा प्राधिकरणाने गेल्या काही वर्षांत काढलेल्या जाहिरातींत या तिन्ही संघटनांच्या मान्यतेचा उल्लेख आढळतो. हे निश्चितच पुढचे पाऊल आहे. परंतु त्यांच्याच पंक्तीला ‘किंवा’ शब्दाने अल्पमुदतीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम बसविले, तर मापदंड कागदावरच राहतो. खासगी अकादमींच्या जाहिरातींत तर ‘फिटनेसचा अनुभव असल्यास प्राधान्य’ एवढ्यावरच भागविले जाते. व्यायामशाळेतील ग्राहकाला मार्गदर्शन करणे आणि सोळा वर्षांच्या धावपटूच्या वर्षभराच्या सरावाची आखणी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, याचा त्यात विसर पडतो.

या हलगर्जीपणाची किंमत अखेर खेळाडूलाच मोजावी लागते. अमेरिकेत सरावादरम्यान झालेल्या मृत्यूंनंतर तज्ज्ञांच्या संयुक्त गटाने २०१२ मध्ये प्रशिक्षकांना मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असावे अशी शिफारस केली. महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने आपल्या सर्वोच्च विभागात २०१५ पासून तशी सक्ती केली. तरीही मे २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षीय फुटबॉलपटू जॉर्डन मॅकनेअर धावण्याच्या सरावात उष्माघाताने कोसळला आणि जूनमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याचे शरीर तातडीने थंड पाण्यात बुडवून तापमान उतरविण्याचा उपाय झाला नाही, असे बाहेरील तज्ज्ञांच्या चौकशीत आढळून आले. विद्यापीठाने चुकांची कायदेशीर व नैतिक जबाबदारी स्वीकारली. प्रमाणपत्राची सक्ती आवश्यक असली तरी पुरेशी नाही, हा या घटनेचा धडा आहे. आणीबाणीत कोणी काय करावयाचे आणि सराव थांबविण्याचा अधिकार कोणाचा, हेही नेमणुकीच्या वेळीच निश्चित असावे लागते.

भारतातील उन्हाळा लक्षात घेता हा धडा आपल्याला अधिक लागू पडतो. उत्तेजकांचा धोका वेगळाच आहे. प्रशिक्षकाने सुचविलेल्या पूरक आहारात बंदी असलेला घटक निघाला, तरी नमुना सदोष ठरल्यास पहिली जबाबदारी खेळाडूवरच येते.

दुसरी बाजूही विचारात घ्यावयास हवी. परदेशी परीक्षांचे शुल्क परकीय चलनात भरावे लागते आणि परीक्षा इंग्रजीत होतात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतलेले, वर्षानुवर्षे मैदानावर उभे असलेले अनेक प्रशिक्षक केवळ या कारणाने मागे पडू शकतात. परदेशी प्रमाणपत्र हीच एकमेव अट ठेवली, तर महानगरांतील मोजक्यांनाच संधी मिळेल आणि जिल्हा पातळीवरील केंद्रे रिकामी राहतील.

यावर मापदंड सैल करणे हा उपाय नव्हे, तर स्वदेशी मापदंड उभारणे हा आहे. पतियाळाची संस्था आणि २०१८ च्या कायद्याने मणिपूरमध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ यांनी भारतीय भाषांतील प्रात्यक्षिक परीक्षा आणि सार्वजनिक नोंदवही सुरू केल्यास या कामाला आधार मिळेल. कार्यरत प्रशिक्षकांना पात्रता मिळविण्यासाठी ठरावीक मुदत देता येईल. तोपर्यंत जाहिरात देणाऱ्यांनी किमान एवढे करणे शक्य आहे : स्वीकारार्ह प्रमाणपत्रांची नावे स्पष्ट लिहावीत, त्यांची वैधता देणाऱ्या संस्थेकडूनच पडताळावी, जीवरक्षणाचे प्रशिक्षण अनिवार्य करावे आणि पात्रतेला साजेसे वेतन नमूद करावे. उच्च पात्रता मागून तुटपुंजे मानधन देऊ करणारी जाहिरात अखेर अपात्र उमेदवारालाच आमंत्रण देते.

२०३० पर्यंतचा काळ फार नाही. त्या स्पर्धेत उतरणारे अनेक खेळाडू आज किशोरवयात आहेत आणि त्यांच्या शरीराची जबाबदारी कोणाच्या हाती जाणार, हे आज प्रसिद्ध होणाऱ्या जाहिरातींच्या शब्दांवर अवलंबून आहे.