परसातलं बी गल्लीत फिरलं पाहिजे



मागच्या महिन्यात परसातल्या गिलक्याच्या वेलाचा फोटो टाकला होता. केळीच्या घडाला कधी आले नाहीत एवढे लोक त्या फोटोवर बोलले. कुणी मांडवाची उंची विचारली, कुणी जाळी कुठून आणली ते विचारलं, दोघातिघांनी तर आपापल्या दारच्या वेलाचे फोटोही पाठवले. बघून बरं वाटलं. पण बी मागणारे निघाले फक्त दोन. आज त्यावरच लिहायचं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. परसबाग आपल्याकडे परत लागायला लागली, ही चांगली गोष्ट. मात्र ती दुकानातल्या पाकिटावर उभी आहे तोवर दरवर्षी नव्यानं लागणार अन् दरवर्षी संपणार. यंदा माझ्या दारात वाढलेल्या वेलाचं बी पुढच्या पावसात तुमच्या दारात उगवलं, तर ती बाग पुढे गेली असं मी मानतो. फोटो टाकावेत, मीही टाकतो. पण फोटोसोबत बी पण फिरू द्या.

आपला शहादा तालुका बघा. केळी, पपई, ऊस, कापूस. पपईच्या भावासाठी दरवर्षी बैठका होतात, गाड्या भरून माल उत्तरेकडे जातो. आणि तोच शेतकरी आठवडे बाजारात पाव किलो गवार घासाघीस करून घेतो. दहा एकराचा धनी, पण घरात कोथिंबिरीची काडी विकत येते. शेतात भाजी लावायला कुणाला फुरसत नाही, आणि ड्रीपच्या नळीवर दोन वेल चढवावेत तर मुख्य पिकाचं गणित बिघडतं. म्हणून भाजीची जागा घराजवळच.

ती जागा आधी होती. मागच्या दारी गोठा, त्याच्या पलीकडे उकिरडा, मोरीचं पाणी जाई तिथे अळू अन् दोन केळी, कुडावर वालाचा वेल. आता बैल गेले, गोठा पाडला, तिथे मोटारसायकली लागतात अन् खाली पेव्हर ब्लॉक. चिखल होत नाही हे खरं. पण ब्लॉकमध्ये काही उगवत नाही, आणि मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला की तेच अंगण रात्री दहापर्यंत तव्यासारखं तापलेलं असतं. सगळं अंगण उकरा असं मी म्हणत नाही. एक कोपरा मातीचा राहू द्या.

माझा कोपरा वीस बाय पंचवीस फुटांचा आहे, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही थोडा कमी. आज तिथे काय काय आहे ते सांगतो, कारण सांगताना मलाच मजा येते. उत्तरेच्या भिंतीला वाल आहे, पांढऱ्या फुलाचा, शेंगा आता भरायला लागल्या. मांडवावर गिलकं. त्याची खालची फळं भाजीला काढली अन् वरची तीन वाळायला सोडली, वारा आला की आत बी खुळखुळतं. मेथीचा वाफा दोन पानांवर आहे. पोकळा दोनदा खुडून झाला. वांग्याची सहा झाडं आहेत, हिरवी, भरताची. मिरची चार झाडं, तेवढी घराला पुरून उरते. कोपऱ्यात शेवगा, त्याची सावली उन्हाळ्यात कामाला येते. लिंबाखाली हळद आणि अळू. चिवळ तर मी लावलीच नव्हती, तिची तीच आली. शेतात तिला तण म्हणून उपटतो, इथे तिची भाजी होते. सकाळी चहाचा कप हातात घेऊन या अर्ध्या गुंठ्यात मी जेवढा वेळ काढतो, तेवढा केळीच्या चार एकरात काढत नाही. शेजारच्या कोंबड्या मात्र माझ्यापेक्षा लवकर उठतात. जुन्या साड्यांचं कुंपण केलं तेव्हा कुठे मेथी वाचली.

आता हिशेब. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाने दिवसाला निदान 400 ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात. घरात सहा माणसं धरली तर रोजचे दोन किलो चारशे ग्रॅम झाले. माझा कोपरा चांगल्या दिवसांत किलो-सव्वा किलो देतो, उन्हाळ्यात पाव किलोवर येतो. म्हणजे सगळं भागत नाही, बाजार सुटत नाही. कुणी सांगत असेल की अर्ध्या गुंठ्यात घरचा सगळा भाजीपाला, तर त्याला मे महिन्यात एकदा बाग दाखवायला सांगा. पण रोज ताटात एक हिरवी गोष्ट पडते अन् तिच्यावर काय फवारलं हे आपल्याला ठाऊक असतं. आपल्या जिल्ह्यात याला जास्त किंमत आहे. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नंदुरबार जिल्ह्यातली पाच वर्षांखालची अर्ध्याहून जास्त मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची निघाली. केळी-पपईच्या जिल्ह्यात ही गत. नुसत्या पालेभाजीनं कुपोषण जात नाही. डाळ, दूध, अंडं, दवाखाना, आईचं खाणं हे सगळं लागतं. तरी भाजीचा वाटा आपल्या हातातला आहे.

कोरोनाच्या काळापासून उमेद अभियानानं बचत गटांमधून पोषण परसबागेची मोहीम चालवली. गोल वाफे, मधे खत, भोवती भाज्या. पुष्कळ घरी बागा लागल्या, त्या बायांचं कौतुकच आहे. माझा आग्रह त्याच्या पुढच्या वर्षाचा आहे. पाकीट हायब्रीडचं असेल तर पहिलं वर्ष झकास जातं. त्याचं बी धरून लावलं की एक झाड असं अन् एक तसं, कारण संकराची पुढची पिढी फुटते. मग बाई म्हणते, “औंदा बी नाही मिळालं,” आणि वाफ्यात गवत. शेतात हायब्रीड लावा, तिथे एकरी उत्पन्न बघायचं असतं. परसात सरळ वाण लावा. भेंडीत परभणी क्रांती, गवारीत पुसा नवबहार, मिरचीत फुले ज्योती हे सरळ वाण आहेत, त्यांचं बी घरी धरता येतं. अन् त्याहून सोपं म्हणजे गावातल्या एखाद्या म्हातारीच्या फडताळात अजून बाटली असते, ती विचारा. वालाचं जे बी तिच्याकडे आहे ते तालुक्याच्या कुठल्याच दुकानात नाही.

राहीबाई पोपेरे यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे गाव, शाळेत न गेलेल्या बाई, घरात गावरान बी साठवत गेल्या आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांचा फोटो पुढे पाठवतात, पण त्यांचं मुख्य काम म्हणजे बी देणं अन् परत घेणं. आपल्या जिल्ह्यातही वर धडगावकडे बायफ संस्थेनं आदिवासी शेतकऱ्यांसोबत मका-ज्वारीच्या जुन्या वाणांचं बी राखायचं काम केलंय. सातपुड्यात हे होतं, तर खाली तापीकाठी का नाही?

मागे एका भावानं विचारलं की असं बी वाटणं कायद्यात बसतं का. बसतं. 2001 चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्यात शेतकऱ्याला आपल्या पिकाचं बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, वाटायचा, विकायचासुद्धा हक्क दिलाय. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं, लेबल लावून विकता येत नाही. चिमूटभर वाल शेजारणीला द्यायला कुणाचा परवाना लागत नाही.

बी धरायचं कसं यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण अडचण इथेच येते. वाल, चवळी, गवार, मेथी, टोमॅटो यांचं काम सोपं, त्यांचं फूल बहुतेक स्वतःच स्वतः फळतं. चांगलं झाड निवडा, त्याला चिंधी बांधा, त्याच्या शेंगा खाऊ नका. आपली सवय उलटी असते. चांगलं ते आधी तोडायचं अन् शेवटचं किडकं-वाकडं बियाला सोडायचं. वांगं, मिरची, भेंडी यांच्यात माशी थोडा घोळ घालते, म्हणून दोन-चार कळ्यांना मलमलची पिशवी बांधावी. वेलवर्गीय भाज्यांत नर फूल वेगळं, मादी वेगळी, अन् सगळं काम माशीवर. शेजाऱ्याचं दुसऱ्या वाणाचं गिलकं असेल तर तुमच्या बियात ते येणारच. त्याला उपाय आहे. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं फळ असतं, ते ओळखायचं. उमलायच्या आधी नर-मादी दोन्ही कळ्या दोऱ्यानं बांधायच्या, उमलायच्या वेळी नराचा पराग मादीला लावायचा अन् मादी पुन्हा बांधून टाकायची. वेळ मात्र प्रत्येकाची वेगळी. गिलकं अन् डांगर पहाटे उमलतं, दोडका अन् दुधी दिवस मावळताना. आमच्या नातवाला दोडक्याचं काम दिलंय, मोबाईल सोडून तेवढ्यासाठी येतो.

वांगं बियाला पिवळं होईपर्यंत झाडावरच ठेवायचं, मग पाण्यात चुरायचं, भरीव बी तळाला बसतं. टोमॅटोचा गर दोन दिवस आंबवून धुवायचा. सगळं बी सावलीत वाळवायचं, दाताखाली कट्कन तुटलं पाहिजे. राख घालून काचेच्या बाटलीत भरा आणि वर नाव-साल लिहा. साल लिहिलं नसेल तर ते बी कुणाला देऊ नका.

एक गोष्ट जिवाची आहे. दुधी, गिलकं, दोडकं चिरताना बारीक तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागलं तर थुंकून टाका. ते खायचं नाही, रस तर अजिबात प्यायचा नाही, विषबाधा होते. आणि त्या वेलाचं बी कधीच धरायचं नाही.

आता कृषीवाले मित्र म्हणतील, गावभर वेल लावायला सांगता अन् केळीला हरण्या आला म्हणजे? त्यांचं बरोबर आहे. केळीचा हरण्या म्हणजे काकडीचाच मोझॅक, तो काकडीवर्गीय वेल, टोमॅटो, मिरची यांच्यावर राहतो अन् मावा त्याला केळीवर नेतो. पपईचा रिंगस्पॉटही वेलवर्गीयांवर राहू शकतो, त्यालाही मावाच नेतो. म्हणून केळी-पपईच्या बागेत किंवा बांधावर गिलकं-डांगर चढवू नका. ज्याचं घरच मळ्यात, केळीला लागून आहे, त्यानं वाल, मेथी, पोकळा, शेवगा, हळद यावर भागवावं. गावठाणातही वेलाची पानं चितकबरी, आकसलेली दिसली की वेल उपटायचा, फळं लागलेली असली तरी. वालाची, चवळीची पानं तशी दिसली तर त्याचं बी धरू नका, काही मोझॅक बियातून पुढे जातात. फुकटात रोग वाटण्यापेक्षा नाही दिलेलं बरं.

दुसरी तक्रार माझी, सगळ्या शेतकरी भावांवर. फवारणीचा पंप घरी आणून मोरीवर धुता. तेच पाणी पाटातून अळूला अन् मेथीला जातं, अन् वर म्हणता घरची भाजी बिनविषारी. पंप शेतातच धुवा. कपड्याच्या सोड्याचं पाणीही पालेभाजीला नको, ते शेवग्याला, केळीला सोडा.

आणि हे सगळं करतं कोण? बहुतेक घरांत बायकाच. आमच्याकडे वाल कोणत्या झाडाचा ठेवायचा हे घरच्या मंडळी ठरवतात, मी फोटो काढतो. लोक मला ‘दादा, छान बाग’ म्हणतात. आमची आई म्हणे, “बी इकानं नई, वाटानं.” पूर्वी लेक सासरी निघाली की तिच्या पिशवीत बियांच्या पुरचुंड्या असायच्या, त्यामुळे एका गावचं वांगं दहा गावांत जाई. आता पिशवीत काय असतं ते तुम्हीच बघा. कृषी सहायक, केंद्रातले शास्त्रज्ञ हे पान वाचतात, त्यांना विनंती आहे. परसबागेची सभा पुरुषांना ओट्यावर बसवून घेऊ नका, अन् पाकिटं वाटायच्या आधी गावात काय बी आहे ते बायकांना विचारा.

माझ्याकडे यंदा देण्यासारखं एवढं आहे. गिलक्याचं बी, तीन फळांचं, पंधरा दिवसांत निघेल. पोकळा भरपूर. पांढऱ्या फुलाचा वाल माघात निघेल, घरटी वीस दाणे. भरताच्या वांग्याचं एकच फळ राखलंय, त्यामुळे आधी येईल त्याला. मिरचीचं यंदा देत नाही, तिला चुरडा-मुरडा आला होता. मला स्वतःला लाल अंबाडी अन् जुन्या आंबट चुक्याचं बी हवंय, कुणाकडे असेल तर खाली लिहा. ब्राह्मणपुरीला येणं झालं तर संध्याकाळी या, डबी सोबत आणा.