कोरम मोजतो कोण?

१८८८च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात गणपूर्तीची अट आहे. पण सदस्य कमी आहेत हे कोणीतरी सभाध्यक्षांच्या नजरेस आणून द्यावे लागते. सगळे गप्प, तर कामकाज चालू! आणि त्या कारणाने सभा तहकूब झालीच, तर तेच विषय तहकूब सभेत गणपूर्ती नसतानाही मंजूर होऊ शकतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर; आमच्याकडे अशा नियमाला सरळ बग म्हणतात. २२७ नगरसेवकांच्या सभागृहात गटारांपासून कब्रस्तानांपर्यंतचे विषय रिकाम्या खुर्च्यांसमोर निकालात निघावेत, हे मला मान्य नाही. प्रत्येक विषयाआधी हजेरी घ्या, नावानिशी वेबसाइटवर टाका. तहकूब सभेलाही तीच अट लावा. मते मागायला आमच्या गल्लीत येता, तेव्हा बरी गणपूर्ती होते तुमची!