भाड्याच्या गाड्यांची मर्यादा करारात लिहा

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, मुंबई



एस.टी. कामगारांच्या पुढच्या करारात पगारवाढ आणि महागाई भत्त्याच्या जोडीला आणखी एक कलम असावं, अशी मागणी रिसोड तालुक्यातल्या रिठदहून करतो आहे. महामंडळाच्या एकूण किलोमीटरपैकी जास्तीत जास्त किती किलोमीटर भाड्याच्या गाड्या आणि ठेकेदाराचे चालक चालवतील, हे त्यात आकड्यानिशी लिहिलेलं असावं. 2017 मध्ये शिवशाही बससेवा आली. तिच्यातल्या अनेक गाड्यांत गाडी ठेकेदाराची, स्टेअरिंगवरचा माणूस ठेकेदाराचा, तिकीट देणारा वाहक तेवढा महामंडळाचा. पुढे 5,150 विजेच्या गाड्यांचा भाडेकरार झाला, 1,310 गाड्या भाड्याने घ्यायचा निर्णय वादात सापडून थांबला, आणि 2025 मध्ये 17,450 चालक-सहायक कंत्राटी पद्धतीने घेण्याचं जाहीर झालं. प्रत्येक वेळी निकड खरीच असेल. पण हे सगळं मिळून कुठवर जायचं, ते कुठेही ठरलेलं नाही.

याची झळ खेड्याला आधी बसते. अशा करारांत ठेकेदाराला दर किलोमीटरमागे पैसे मिळतात आणि साधारणपणे ठरावीक किलोमीटरची हमीही असते. हमीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून ती गाडी लांब पल्ल्याच्या, भरून जाणाऱ्या मार्गावर घातली जाते. आगारात गाड्या कमी पडल्या की रद्द करायला सोपी उरते ती गावाकडची फेरी, कारण ती चुकली तरी कुणाचं बिल थकत नाही. पास काढून रिसोडला शिकायला जाणाऱ्या मुलीची मात्र त्या दिवशीची शाळा बुडते.

बाहेरच्यांकडून किती काम करून घ्यायचं, हा प्रश्न अमेरिकेतल्या वैमानिकांनी करारातूनच हाताळला आहे. तिथल्या मोठ्या विमान कंपन्या छोट्या शहरांची उड्डाणं दुसऱ्या कंपन्यांकडून करून घेतात. विमानावर रंग आणि नाव मोठ्या कंपनीचं, वैमानिक दुसऱ्याचे. अशी विमानं किती असावीत आणि केवढी, हे वैमानिक संघटनेच्या करारात लिहिलेलं असतं. मोठ्या कंपन्यांत 76 आसनांची सीमा रूढ आहे. डेल्टाच्या 2012 च्या करारात 76 आसनी विमानं वाढवायला परवानगी मिळाली, पण कंपनीच्या स्वतःच्या ताफ्यात नवी विमानं येतील त्या प्रमाणात. मला हे विशेष महत्त्वाचं वाटतं. तिथे बंदी घातली नाही, प्रमाण बांधलं. प्रश्न सुरक्षेचाही आहे. 12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ कोसळलेलं विमान कॉन्टिनेन्टल या मोठ्या कंपनीच्या नावाने उडत होतं, चालवत होती कोलगन एअर. 50 माणसं गेली. त्यानंतर वैमानिकांच्या अनुभवाची अट कडक झाली आणि तिकीट विकतानाच विमान प्रत्यक्षात कोण चालवणार हे सांगणं कायद्याने बंधनकारक झालं. आपल्याकडे 9 डिसेंबर 2024 ला मुंबईत कुर्ल्याला झालेल्या बेस्टच्या बसच्या अपघातानंतर भाडेतत्त्वावरच्या गाड्यांतल्या चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न असाच ऐरणीवर आला होता.

महामंडळाचा संचित तोटा 10 हजार कोटींच्या वर आहे, नव्या गाड्यांना पैसा कुठून आणायचा, असं आपण विचाराल. अडचण खरी आहे. पण भाडं हाही खर्चच आहे. तो दर महिन्याला जातो आणि करार संपल्यावर महामंडळाकडे गाडीही राहत नाही, चालकही नाही. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: 2021-22 च्या संपात उच्च न्यायालयाने कामावर परतायला 22 एप्रिलची मुदत देईपर्यंत महिनोन्‌महिने खेड्यांचे हाल झाले, मग संघटनेच्या हाती आणखी ताकद का द्यायची? ते हाल कुणीही विसरू नयेत. मात्र ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत बेस्टच्या भाड्याच्या गाड्यांवरच्या कंत्राटी चालकांनीही काम बंद केलंच होतं. ते चालक बेस्टचे नोकर नव्हते, त्यांचा पगार ठेकेदाराच्या हाती होता. त्यामुळे गाड्या बेस्टच्या नावाच्या असूनही तोडगा एकट्या बेस्टच्या हातात नव्हता. कंत्राटामुळे संप टळत नाही, बोलणी करायला समोरचा माणूस तेवढा दूर जातो.

मर्यादा किती टक्क्यांची असावी, हे आपण आणि मान्यताप्राप्त संघटनेने हिशेब मांडून ठरवावं. स्वतःच्या नव्या गाड्या जेवढ्या येतील त्याच प्रमाणात भाड्याच्या वाढाव्यात, आणि ज्या आगारात गावच्या फेऱ्या रद्द होत आहेत तिथे त्या पूर्ववत होईपर्यंत एकही भाड्याची गाडी वाढवू नये, एवढं त्या कलमात यावं. प्रत्येक आगाराने महिन्याला रद्द केलेल्या फेऱ्यांची यादी, गावांच्या नावांसह, बसस्थानकावर लावावी.

आपला,
एक प्रवासी
रिठद, ता. रिसोड, जि. वाशिम